वऱ्हाडी जिभेची पारख

मद्याच्या परीक्षेविषयी लिहावयाचे तर आरंभ कौटिल्यापासून करणे सोयीचे. चाणक्याचे नाव निघाले की घरातील वडीलधारी मंडळी जरा गप्प बसतात, आणि दिवाळी अंकात असला विषय काढल्याबद्दलचा पहिला राग तेवढ्यात ओसरतो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु अशी सहा पेये येतात. पहिल्या पाचांच्या कृती दिल्या आहेत: पाणी किती, तांदूळ किती, किण्व किती, मसाला कोणता. स्वयंपाकाच्या वहीत असावे तसे सारे मोजून मापून. सहावे मधु, म्हणजे द्राक्षाचे मद्य. त्याच्यापाशी येताच मात्र कौटिल्य कृती सांगत नाही. ते ज्या देशातले, त्या देशाचे नाव हीच त्याची ओळख, एवढे म्हणून तो कापिशायन आणि हारहूरक अशी दोन नावे देतो व पुढे निघतो. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचे आजचे बेग्राम. पाणिनीलाही हे नाव ठाऊक होते.

मला या जागेचे नेहमी नवल वाटत आले आहे. जी वस्तू घरी होते तिची पारख माणूस कृतीवरून करतो. जी दुरून येते तिची पारख तो गावाच्या नावावरून करतो. द्राक्षाचे मद्य आपल्याकडे इतकी शतके दुरूनच येत राहिले की त्याची चव जिभेवर ठरविण्याची सवयच आपणांस लागली नाही. आम्ही बुलढाणेकर तर या व्यापाराच्या वाटेला अगदी लागून राहिलो, आणि तरी जन्मभर नुसती नावेच ऐकत आलो.

ही वाट म्हणजे काय ते सांगतो. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, आज जालना जिल्ह्यात, भोकरदन आहे. सातवाहनांच्या काळी त्याचे नाव भोगवर्धन. तिथल्या लोकांनी सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दाने दिल्याचे शिलालेख आहेत. तिथल्या उत्खननात निघालेली हस्तिदंती बाहुली, इटलीत पाँपेईला 1938 साली सापडलेल्या भारतीय बाहुलीची बहीण शोभावी अशी आहे. बाहुली तिकडे गेली. तिकडून काय आले? इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेले ‘पेरिप्लस’ उत्तर देते. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे, आणि त्यातही इटलीचे पहिल्या पसंतीचे, मग लाओडिकेआचे आणि अरबस्तानचे. पुन्हा गावांचीच नावे! त्याच पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, यांचा माल गाड्यांतून भडोचला येतो असे म्हटले आहे. गाड्या परत जाताना रिकाम्या जात नसाव्यात. तेर आणि नेवासे येथे दोन कानांच्या परदेशी मद्यकुंभांची खापरे निघाली, तेव्हा ती सारी रोमन म्हणून आपण आनंदलो होतो. अलीकडे तज्ज्ञांनी भारतभरची अशी खापरे पुन्हा तपासली. त्यांतली बरीच रोमची नसून इराक-इराणच्या बाजूच्या, आतून डांबर फासलेल्या लांबोड्या रांजणांची आहेत असे ठरले. माल इराणी असून त्यावर इटलीचे नाव चढले, असे मद्याच्या बाबतीत दोन हजार वर्षांनंतरही घडू शकते तर!

पाचव्या शतकात आमच्या भागावर वत्सगुल्माच्या, म्हणजे वाशीमच्या, वाकाटकांचे राज्य होते. वाशीम आमच्या मेहकर-लोणारचा शेजारी. अजिंठ्याची उत्तम लेणी याच हरिषेण वाकाटकाच्या काळातली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात छताकडे मान वर करून पाहिले की एक परदेशी गृहस्थ दिसतो: उंच टोपी, पायांत मोजे, हातात पेला, शेजारी स्त्री, भोवती सुरई घेतलेले सेवक. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांना तो इराणचा बादशहा खुस्रू परवेज वाटला. लेण्यांचा काळ त्याच्याहून शतकभर आधीचा ठरल्यामुळे ते मत आता मागे पडले आहे. पण तो कोणी का असेना, चित्रकाराला ‘पेला’ म्हटल्यावर आठवला तो परदेशी माणूसच.

आता कोणी म्हणेल, द्राक्षे या मातीत होतच नसतील, त्याला कोण काय करणार? होत होती, आणि फार चांगली होत होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. इथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात, आणि वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. कित्येक वाचकांना ही प्रवाशाची अतिशयोक्ती वाटेल. पण आजच्या कोणत्याही बागाईतदाराला विचारा. युरोपात बर्फ पडते, वेल झोपी जाते, आणि वर्षाला एकच बहर येतो. आपल्याकडे थंडी एवढी नाही की वेलीने झोपावे. तिला मोकळी सोडली तर ती दोनदा फळेल, आणि दोन्ही वेळा वाईट फळेल. दुसरा माल पावसात सापडून सडेल. म्हणून महाराष्ट्रातला शहाणा शेतकरी वेल दोनदा छाटतो आणि फळ एकदाच घेतो. एप्रिलमधली खरड छाटणी, तिच्यात काडी तयार होते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, तिच्यात घड येतो. फ्रान्समधली द्राक्षे सप्टेंबरच्या सुमारास उतरतात, आपली जानेवारी ते मार्चमध्ये. हे तंत्र एवढे साधे दिसते. पण वेलीला कॅलेंडर उलटे वाचायला शिकवणे ही काही लहान गोष्ट नाही. सिंदखेडराजाहून फार दूर नसलेल्या जालन्याच्या कडवंची गावाने पाणलोटाची कामे करून कोरडवाहू रानात द्राक्षांचे मळे उभे केले आहेत, ते डोळ्यांनी पाहण्यासारखे आहेत. ती द्राक्षे खाण्याची. पेल्यातल्या द्राक्षाची गोष्ट पुढे येते.

दरम्यान आमच्या जिल्ह्याची स्वतःची दारू होती, आणि ती मोहाची. जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा उभा आहे. माझी पहिली नोकरी त्या पायथ्याच्या एका शाळेत झाली. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली मेणासारखी पिवळट फुले पडलेली असत. कोरकू आणि भिल्ल बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचीत. वर्गात त्या दिवसांत निम्मी मुले नसत, आणि असत त्यांच्या हातांना गोडसर, घुमट वास येई. फुले वाळवून, भिजवून, आंबवून मडक्यावर मडके ठेवून ती गाळीत. अर्थशास्त्रात जशी पाच पेयांची पारख कृतीवरून होते, तशीच इथेही होती. धार पहिली की दुसरी? विस्तवावर शिंपडली तर भडकते की सुरसुरून विझते? ‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण आज व्याख्यानाला आणि विनोदाला लावतो. मूळची ती सातपुड्यातली प्रतवारी आहे. एका म्हाताऱ्या कोरकूने मला फुलांचा वास घेऊन ती कोणत्या उताराची हे सांगितले होते. त्याचा खरेपणा तपासण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते, पण तो बोलताना नाव वाचून सांगत नव्हता, नाकाने सांगत होता.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. त्यानंतर मोहाची पारख आणखी एका माणसाच्या हाती गेली. तो आबकारी खात्याचा माणूस. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात गेला, घरची भट्टी गुन्हा ठरली, आणि चांगली दारू म्हणजे जिच्यावर कर भरला आहे ती, अशी नवी व्याख्या झाली. कौटिल्य याबाबत काहीसा उदार म्हणावा लागेल. कुटुंबांना घरच्या कार्याला श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची त्याने मोकळीक ठेवली होती. मोहाच्या फुलांची साठवण आणि वाहतूक यांवरचे जुने निर्बंध महाराष्ट्र सरकारने 2021 साली उठवले. पलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा मान देऊन ती बाटलीत भरली आहे. डोंगर एकच, उतार दोन.

दारूबंदीचा इतिहास सांगू लागलो तर अंक पुरणार नाही. एवढेच सांगतो की 1938 साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला, 1949 साली मुंबई राज्याचा झाला, आणि आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याला कायद्याने परवाना लागतो. हे ऐकून कित्येकांचा पेला हातातल्या हातात थबकतो! विदर्भात वर्धा 1974 पासून आणि गडचिरोली 1993 पासून कोरडे आहे. चंद्रपूरने 2015 ते 2021 पर्यंत बंदी पाळून पाहिली. बुलढाणा त्यांत नाही. मात्र बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडायची आणि गावातले दुकान बंद पाडायचे, ही चळवळ आमच्याकडेही ठाऊक आहे. या बायका चवीबद्दल काही बोलत नाहीत आणि त्यांनी का बोलावे? त्यांनी मद्याची परीक्षा घरात येणाऱ्या पगारावरून केली आहे. कोणत्याही रसिकाने या परीक्षेला हलके लेखू नये.

मध्यमवर्गीय घरात मात्र द्राक्षाचे मद्य एका बाजूच्या दाराने आधीच आलेले होते. द्राक्षारिष्ट! मनुकांचा काढा, गूळ, आणि धायटीची फुले घालून महिनाभर झाकून ठेवलेले भांडे. धायटीच्या फुलांबरोबर आंबवणारे किण्व येते आणि शेकडा पाच-दहा भाग मद्यार्क आपोआप तयार होतो. आमच्या आजीने आयुष्यात दारूचा थेंब पाहिला नाही, पण अशक्तपणावर दोन चमचे रोज, ही तिची वीस वर्षांची शिस्त होती. अर्थशास्त्रातली ती औषधापुरती सवलत आमच्या फडताळात शाबूत होती म्हणावयाची.

द्राक्षापासून रीतसर वाइन करण्याचा महाराष्ट्रातला आधुनिक उद्योग 1980 च्या दशकात नारायणगावी सुरू झाला. श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती विलायतेत पाठवली. नाव पुन्हा इराणचेच! ती कंपनी पुढे कर्जाच्या भाराखाली बुडाली, पण वाट पडली होती. 1997 साली नाशिकजवळ राजीव सामंत यांनी सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या जातींच्या वेली लावल्या; 2000 साली ‘सुला’च्या पहिल्या बाटल्या आल्या. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क काढले. वाइन ‘परवडणारी’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती कमी खर्चात झाली एवढाच त्याचा अर्थ नसतो. मंत्रालयातल्या एका कागदाचाही त्यात वाटा असतो.

या सगळ्यांत शार्दोने ही जात मागे राहिली, आणि त्याला कारण आहे. ती लवकर फुटते, लवकर पिकते, आणि उष्ण हवेत तिचा आंबटपणा भराभर उतरतो. आंबटपणा गेला की पांढरी वाइन म्हणजे मिठाविना वरण. ही जात खरी फ्रान्समधल्या बर्गंडीची. तिथे याच नावाचे एक खेडे आहे. जगातल्या सर्वांत मानाच्या पांढऱ्या वाइन हिच्या. 1999 साली कॅलिफोर्नियातील आणि फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी गुणसूत्रांच्या तपासणीने तिचे आईबाप शोधून काढले. एक निघाले पिनो, म्हणजे राजघराणे. दुसरे निघाले गुए ब्लाँ, म्हणजे शेतकऱ्यांच्या बांधावरचे, आंबट, हलके समजले गेलेले द्राक्ष. जमीनदारांनी त्याची लागवड वेळोवेळी बंद करण्याचे हुकूम काढले होते, आणि शेतकऱ्यांनी ते तितक्याच वेळा मोडले होते. मला ही बातमी वाचून मोहाची आठवण झाली, ती उगीच नव्हे.

अशा हट्टी जातीला सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या अकलूजजवळ लावण्याचे धाडस काही भावांनी केले. अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातले भाऊ, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीतले सेच्ची बंधू एकत्र आले, फ्रान्सहून कलमे आणली, टस्कनीचे अनुभवी वाइनकार पिएरो मासी यांना बोलावले, आणि कंपनीचे नाव ठेवले ‘फ्रातेल्ली’. इटालियनमध्ये त्याचा अर्थ भाऊ. 2006-07 च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रयोगात निमगाव, मोटेवाडी या खेड्यांची नावे द्राक्षमळ्यांच्या यादीत चढली. कापिशीनंतर निमगाव यायला दोन हजारांवर वर्षे लागली. त्यानंतर राज्यात लहानमोठ्या कौटुंबिक वायनऱ्या शार्दोने करू लागल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींची बाटली निवृत्त शिक्षकालाही सणासुदीला घेता येईल अशी आहे.

आता चवीकडे वळतो. बाटलीवरचे नाव झाकले तर काय होते, याचा जगप्रसिद्ध दाखला 24 मे 1976 चा आहे. पॅरिसमधले इंग्रज दुकानदार स्टीव्हन स्परियर यांनी सहा कॅलिफोर्नियाच्या शार्दोने आणि चार बर्गंडीच्या, अशा दहा वाइन नावे झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. एक परीक्षक पेला हुंगून, आता कुठे आपण फ्रान्सला परतलो अशा अर्थाचे काही उद्गारले. पेल्यात होती कॅलिफोर्नियाची! निकाल लागला तेव्हा शातो माँतेलेना या कॅलिफोर्नियाच्या वायनरीची 1973 ची शार्दोने पहिली आली होती.

आम्ही गेल्या दिवाळीच्या आठवड्यात हाच प्रयोग घरी केला. परीक्षक तीन: मी, राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी, आणि आमच्या सौ. परवाने शेजाऱ्यांनी आधी पाहून घेतले; सवय जात नाही. बाटल्या दोन. एक महाराष्ट्रातल्या एका कौटुंबिक वायनरीची, स्वस्त. तिचे नाव सांगत नाही, कारण हा लेख आहे, जाहिरात नव्हे. दुसरी पुतण्याने पुण्याहून आणलेली बर्गंडीची, किमतीने कित्येक पट. दोन्ही सारख्या थंड केल्या, फार नाही, कारण अति गार केली की वास झोपतो. सौ.नी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर ‘अ’ आणि ‘ब’ लिहिले, आणि कोणती कोणती हे शेजारच्या मुलीकडून अदलाबदल करवून स्वतःलाही कळणार नाही अशी व्यवस्था केली.

‘अ’ला वास लगेच आला. पिकलेला पेरू, मोसंबीची साल, आणि मागून लोणी कढवताना पातेल्याच्या तळाशी राहणाऱ्या बेरीचा अंश. तोंडात घेतली तेव्हा आंबटपणा स्वच्छ आणि उभा होता. मध्ये मात्र ती थोडी पातळ वाटली, आणि गिळल्यावर चव लवकर निघून गेली, पाहुणा चहा न घेता उठावा तशी. पेला हातात कोमट होऊ लागला तसा मद्यार्काचा किंचित चटकाही लागला. ‘ब’ आधी काही बोलेचना. दहा मिनिटांनी तिच्यात ओल्या दगडाचा, पहिल्या पावसाच्या आधीचा वास उघडला, आणि चव जिभेवर बराच वेळ रेंगाळली.

शेजारी म्हणाले, “सर, ‘अ’ फ्रान्सची. वास पाहा न, दिलदार आहे.” मी ‘ब’ फ्रान्सची म्हटले. सौ. म्हणाल्या, “कुठली ते मला सांगता यायचे नाही. पण अहो, ‘ब’ नुसती बसून प्यायची आहे आणि ‘अ’ खाताना. आपण खायला बसलोय.” असे म्हणून त्यांनी चकलीचे ताट पुढे केले. आणि खरोखर, खारट, तळलेल्या, तिळाच्या चकलीबरोबर ‘अ’चा आंबटपणा असा खुलला की ‘ब’ तिच्यापुढे घुमी वाटू लागली. शेवेबरोबरही तसेच. शंकरपाळ्याने दोघींची फजिती केली. गोड खाल्ल्यावर कोणतीही कोरडी वाइन आंबटढाण लागते. ठेच्याचे तर नावच नको, त्यापुढे बर्गंडीचा सरदारही डोळे पुसतो.

कागद उलगडले. ‘अ’ आपली होती, ‘ब’ बर्गंडीची. शेजारी खूश झाले. आपण हरलो याचा त्यांना आनंद झालेला मी प्रथमच पाहिला. मी वहीत लिहिले: ‘ब’ला दहापैकी आठ, ‘अ’ला साडेसहा, चकलीसह साडेसात. आजही मी हे गुण बदलणार नाही. आपली आहे म्हणून अर्धा गुण वाढवणे म्हणजे पुन्हा गावाचे नाव वाचून चव ठरवणे. आणि किमतीचा भागाकार केला तर बर्गंडीचा तो दीड गुण फार महाग पडतो, हेही तितकेच खरे. वासाला जी दिलदारी आहे तिला मध्ये थोडे अंग आले, तर ही वाइन आणखी चार वर्षांनी पुन्हा झाकून ठेवण्याच्या लायकीची होईल.

सौ.नी गुण दिले नाहीत. खेड्यातल्या एका मतदानाला त्या पूर्वी बायकांबरोबर रांगेत उभ्या राहिलेल्या आहेत. “चव बरी आहे,” त्या म्हणाल्या, “पण ही बाटली आज संपवायची घाई असणारा माणूस घरात नाही, म्हणून बरी आहे.” उरलेली निम्मी त्यांनी बूच लावून ठेवली. तिसऱ्या दिवशी तिचा पेरू उडाला होता, मोसंबी शिल्लक होती.

शेजाऱ्यांनी आता नवा बेत काढला आहे. डोंगरापलीकडे मध्य प्रदेशात मोहाची दारू रीतसर बाटलीत मिळते. तिकडेच कुठे उतरून, बाजूला दुसरी कोणतीतरी नामांकित विलायती ठेवून, दोन्हींवर कागद गुंडाळायचा. नाकाने उतार ओळखणाऱ्या त्या म्हाताऱ्या कोरकूचा नातू अजून पायथ्याशीच असतो. परीक्षक म्हणून त्याला घ्यायचे असे आमचे ठरले आहे. फुले पडू लागली की चैत्रात निघू.